गाडीच्या आतला रंग उडाला? डबा आणण्याआधी हे वाचा

सखींनो, २०१७ मध्ये आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना आली आणि गावची प्रवासी गाडी गटातल्या बाईच्याही नावावर चालू शकते, हे सरकारी कागदावर आलं. योजनेतून असो की गटाच्या अंतर्गत कर्जातून, जुनी ॲपे, मॅजिक नाही तर बोलेरो घेतलेल्या ताया आपल्यात आहेत. इंजिन ठणठणीत असतं, पण दार उघडलं की सीटचं रेक्झीन पांढरं पडलेलं अन् डॅशबोर्ड राखेसारखा. लग्नाचं भाडं ठरवायला आलेला माणूस आत डोकावतो आणि लगेच भाव पाडून मागतो. नवीन सीट कव्हरचा खर्च दर वर्षी झेपत नाही. रंगवून काम भागतं का? भागतं, पण सगळ्याच जागी नाही.

आधी आमच्या गटाची चूक सांगते. खिडक्यांना लावून उरलेला ऑइलपेंट घरात होता. म्हटलं, वाया कायले घालवा? सीटला दोन हात मारले. पहिल्या दिवशी चकचकीत दिसलं. आठ दिवस झाले तरी बोट चिकटतच होतं. मग एका काकूंचं लुगडं सीटला चिकटलं आणि उठताना काठाला हा एवढा काळा डाग. “हे काय करून ठेवलं वं माय!” लुगड्याचे पैसे गटाने भरून दिले आणि ते रेक्झीन शेवटी फाडून टाकावं लागलं.

असं काहून झालं, ते समजून घेऊ. रेक्झीन म्हणजे कापडावर चढवलेला व्हिनाईलचा थर. व्हिनाईल मुळात कडक असतं, आपल्या पाण्याच्या पीव्हीसी पाइपासारखं. १९२६ साली अमेरिकेत वाल्डो सेमन नावाच्या रसायनतज्ज्ञाला ते मऊ करण्याची युक्ती सापडली. त्यात एक तेलकट द्रव्य मिसळायचं. सीटच्या मऊ थरात हे द्रव्य बरंच असतं, वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. ते आत कायमचं बांधलेलं नसतं, उन्हाने हळूहळू बाहेर येतं. आपल्या अकोला-अमरावतीत मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि बंद गाडीच्या आत तर त्याहून कितीतरी जास्त तापतं. समोरच्या काचेला आतून धुरकट, चिकट थर येतो ना? त्यात हेच द्रव्य असतं. ते निघून गेलं की रेक्झीन कडक होऊन तडकतं, आणि ऊन वरचा रंग खातं.

ऑइलपेंट लावला की हेच तेलकट द्रव्य खालून त्या रंगात शिरतं आणि रंग कधी धड वाळतच नाही. म्हणून दुकानात ‘रेक्झीनचा’ किंवा ‘व्हिनाईलचा’ रंग असंच स्पष्ट मागायचं. तो व्हिनाईलला घट्ट धरतो आणि सीट दबली की सोबत वाकतो. स्प्रेच्या डब्यात मिळतो, स्पंजने लावायचा पाण्यातलाही मिळतो. जुन्या रंगाशी मिळता किंवा त्याहून गडद घ्या. काळ्यावर पांढरा चढवायला गेलात तर डबेच्या डबे संपतील.

आता रंगवायचं काय? नखाने दाबून पाहा. रेक्झीन अजून मऊ आहे, फक्त रंग गेला आहे, तर रंगवा. भेगा पडल्या, आतलं कापड दिसतं, तर रंगाचे पैसे वाचवा आणि तेवढाच तुकडा सीटवाल्याकडून बदलून घ्या, कारण रंग भेग भरत नाही. दाराचं पॅनेल आणि डॅशबोर्ड बहुतेक कडक प्लास्टिकचे असतात, त्यांना आधी प्लास्टिकचा प्रायमर लागतो, नाही तर नखाने पापुद्रा निघतो. स्टिअरिंग आणि गिअरची मूठ सोडून द्या. तिथे घामाचा हात सतत, रंग टिकत नाही. ज्या झाकणावर ‘एअरबॅग’ किंवा ‘एसआरएस’ लिहिलं असेल त्याला तर हातच लावू नका, अपघातात ते ठरल्याप्रमाणे फाटलं पाहिजे.

खरं काम धुण्यातच आहे, अर्ध्याहून जास्त वेळ त्यातच जातो. गाडी चमकवायला कोणी डिझेल पुसतं, कोणी खोबरेल तेल, कोणी बाजारचं पॉलिश. डोकं टेकतं तिथे केसाचं तेल मुरलेलं असतं. या सगळ्यावर रंग धरत नाही. कोमट पाण्यात भांड्याचं लिक्विड टाका, जुन्या दातब्रशने शिवणी आणि रेघा घासा, स्वच्छ पाण्याने दोनदा पुसा. वाळलं की सर्जिकल स्पिरिटच्या ओल्या फडक्याने एकदा पुसून काढा. थिनर किंवा पेट्रोल वापरू नका, व्हिनाईलच विरघळून खडबडीत होतं. शेवटी पाण्याचा थेंब टाकून पाहा. पसरला तर बरं. अळूच्या पानावरच्यासारखा गोळा होऊन उभा राहिला, तर पॉलिश अजून आहे, परत धुवा.

दिवस दिवाळीनंतरचा चांगला. पावसाळ्यात हवेतल्या ओलाव्याने रंगावर पांढुरकी झाक येते, आणि उन्हाळ्यात दुपारी स्प्रे वाटेतच वाळून पृष्ठभाग दाणेदार होतो. काच आणि शिवाय जे रंगवायचं नाही ते कागद आणि टेपने झाका. सीट आधी खाली, न दिसणाऱ्या जागी रंगवून पाहा. मग वीतभर अंतरावरून पातळ हात मारा. पहिल्या हातात खालचा रंग दिसणारच, घाबरू नका. मधे १० ते १५ मिनिटं थांबत असे तीन-चार हात पुरे होतात. एकाच हातात जाड मारला की ओघळ येतात आणि सीट दबली की तडा. डॅशबोर्डच्या वरच्या भागाला चमकणारा रंग नको, बिनचमकीचाच घ्या, नाही तर उन्हाची तिरीप समोरच्या काचेत दिसते आणि चालवणाऱ्या ताईला रस्ता दिसत नाही.

सीट काढता आली तर अंगणात सावलीत काढून रंगवा, नाही तर चारही दारं उघडी ठेवा. तोंडाला पदर बांधला म्हणजे झालं, असं नाही. पदर थेंब अडवतो, वास नाही. पोटुशी बाई आणि लेकरं दूर ठेवा. हा वास पेट घेतो, तेव्हा चूल, उदबत्ती, कोणाची बिडी जवळ नको.

हाताला कोरडं लागलं म्हणून लगेच सवारी बसवू नका. निदान २४ तास, जमलं तर दोन दिवस गाडी उभी ठेवा. प्लास्टिकची पिशवी सीटवर ठेवून वर वरवंटा ठेवा, तासाभराने उचला. ठसा उमटला नाही, पिशवी चिकटली नाही, तर भाडं घ्या. उरलेला डबा मात्र गाडीत ठेवू नका. ५० अंशांच्या वर नेऊ नये असं त्यावर लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडे उन्हात उभ्या गाडीत तेवढं सहज होतं. डबा फुटतो.