आजार, रोजी आणि तवक्कुल

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा बहुतेक घरांत एकच चिंता होती. हातचे काम गेले, आता चूल कशी पेटणार? काही घरांत मात्र चिंता नेमकी उलट होती. काम चालू होते, कामावरून बोलावणेही येत होते. पण ज्याने जायचे, त्याचे शरीर आधीच आजाराने पोखरलेले होते. जावे तर जिवाला धोका, न जावे तर घराची रोजी बंद. ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर झाले. हा प्रश्न मात्र संपला नाही; प्रत्येक नव्या साथीबरोबर तो अशा घरांच्या दारात पुन्हा उभा राहतो. म्हणून शरीअत याविषयी काय मार्गदर्शन करते, ते नीट समजून घेणे आवश्यक आहे.

एका भगिनीचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवू. ती रुग्णालयात परिचारिका आहे. तिला आमवात आहे. या प्रकारच्या आजारांत शरीराची रोगप्रतिकारशक्ती बाहेरच्या जंतूंशी लढण्याऐवजी स्वतःच्याच सांध्यांवर, कधी त्वचेवर वा मूत्रपिंडांवर हल्ला चढवते. म्हणून ती शक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात. ही भगिनी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज स्टेरॉइडची गोळी घेते. पतीची रिक्षा बंद आहे आणि घर तिच्याच पगारावर चालते. सासरे म्हणतात, मौत आपल्या वेळीच येते, घरात बसून टळत नाही. माहेरची माणसे म्हणतात, जाणूनबुजून विस्तवात उडी घेणे ही आत्महत्याच. दोघेही दीनचाच हवाला देतात. मग तिने कोणाचे ऐकावे?

तकदीर आणि खबरदारी

सासऱ्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. मृत्यूची वेळ ठरलेली आहे, यावर आपला ईमान आहे. पण तकदीरवर विश्वास म्हणजे खबरदारी सोडणे, हा अर्थ सहाबांनी कधीच घेतला नाही. हिजरी १८ च्या सुमारास ह. उमर (रजि.) शामच्या दौऱ्यावर निघाले. सरग येथे सेनापती ह. अबू उबैदा (रजि.) यांनी त्यांना शाममध्ये प्लेग पसरल्याची वार्ता दिली. ह. उमर (रजि.) यांनी प्रथम मुहाजिरांना, मग अन्सारांना विचारले, दोन्ही गटांत मतभेद झाले. शेवटी कुरैशच्या वयोवृद्ध मंडळींनी एकमुखाने परतण्याचा सल्ला दिला आणि त्यांनी परतण्याचे ठरविले. अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय, असे ह. अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले. आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत, या आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. त्यानंतर ह. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आले आणि त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण सांगितली: जेथे साथ आहे तेथे जाऊ नये आणि आपण आहोत तेथे ती आली तर पळून जाऊ नये. ह. उमर (रजि.) यांनी अल्लाहची स्तुती केली आणि ते परतले. बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीस संग्रहांत हा प्रसंग आहे.

या प्रसंगाची दुसरी बाजूही विसरता कामा नये. ह. अबू उबैदा (रजि.) आपल्या सैन्याबरोबर शाममध्येच राहिले आणि त्याच साथीत अल्लाहला प्यारे झाले. एकजण परतला, एकजण थांबला. दोघांपैकी कोणालाही भित्रा वा आततायी म्हणण्याची आपली प्राज्ञा नाही. दोघांचे स्थान वेगळे, जबाबदारी वेगळी, म्हणून निर्णयही वेगळा. यातून कळते ते हे, की अशा प्रश्नाचा निर्णय धैर्याच्या वा भीतीच्या मापाने होत नाही. शरीर ही अल्लाहची अमानत आहे आणि कामही अमानत आहे. दोन्हींचा हिशेब घेऊन निर्णय करायचा असतो.

धोका किती, हे कोणी सांगावे?

अबू दाऊद यांच्या संग्रहात ह. जाबिर (रजि.) यांची एक रिवायत आहे. प्रवासात एका सहाबींच्या डोक्याला दगडाची जखम झाली. पुढे त्यांच्यावर गुस्ल वाजिब झाले. तयम्मुमची सवलत मिळेल का, असे त्यांनी सोबत्यांना विचारले. पाणी उपलब्ध आहे, म्हणून सवलत नाही, असे सोबत्यांनी सांगून टाकले. त्यांनी गुस्ल केले आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. हे कळताच प्रेषित (स.) अत्यंत नाराज झाले. माहीत नव्हते तर विचारले का नाही, अज्ञानाचा इलाज विचारणे हाच आहे, असे त्यांनी बजावले.

ही रिवायत आपल्या घराघरांत वाचली जावी. आजारी माणसाला "काही होत नाही, अल्लाहवर भरवसा ठेव" असे सांगणे सोपे असते. पण बोलणाऱ्याला त्या आजाराचे ज्ञान नसेल, तर त्या शब्दांची जबाबदारी त्याच्यावर येते. याउलट ह. अम्र बिन आस (रजि.) यांनी जातुस्सलासिलच्या मोहिमेत, कडाक्याच्या थंडीत, जिवाच्या भीतीने गुस्लऐवजी तयम्मुम करून नमाज पढविली. प्रेषितांनी (स.) विचारणा केली, तेव्हा त्यांनी स्वतःचा जीव न घेण्याविषयीच्या आयतीचा (अन्निसा : २९) आधार दिला. प्रेषित (स.) हसले आणि काही बोलले नाहीत.

मात्र प्रत्येक भीती ही शरीअतच्या दृष्टीने सबब ठरत नाही. फुकहांनी येथे गालिब गुमानची, म्हणजे अनुभव वा जाणकार वैद्याच्या सांगण्यावरून झालेल्या प्रबळ खात्रीची अट घातली आहे. म्हणून पहिला प्रश्न डॉक्टरांना. आमवाताच्या सर्व रुग्णांना सारखा धोका नसतो. रोज १० मिलिग्रॅम वा त्याहून अधिक प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांना कोविडमध्ये रुग्णालयात दाखल होण्याचा धोका अधिक असल्याचे आढळले. रिटुक्सिमॅब घेणाऱ्यांत आजार अधिक गंभीर झाला आणि लसीचा परिणामही कमी दिसला. आजार आटोक्यात आहे की उसळलेला, फुप्फुसे वा मूत्रपिंडे बाधित आहेत का, मधुमेह आहे का, वय काय, लस घेतली का, यांवरही बरेच अवलंबून असते. कामाचे स्वरूपही पाहावे लागते. कोविड वॉर्डात उभे राहणे आणि नोंदवहीचे काम करणे एक नव्हे. आणि भीतीपोटी औषध आपल्या मनाने बंद करणे तर मुळीच योग्य नाही. त्याने आजार उसळतो आणि संकट वाढते.

पर्याय शोधणे हीही इबादत

दुसरा प्रश्न मालकाला वा वरिष्ठांना. सकीफच्या शिष्टमंडळात एक कुष्ठरोगी होता. प्रेषितांनी (स.) त्याला निरोप पाठवला की, तुझी बैअत आम्ही स्वीकारली आहे, तू परत जा. त्याचे काम दुरून पूर्ण झाले आणि त्याचा मानही राहिला. या सुन्नतच्या प्रकाशात आजार लपवू नये. डॉक्टरांचे पत्र दाखवून वॉर्ड बदलून मागावा, कमी धोक्याचे काम मागावे, रजा मागावी. खोटे प्रमाणपत्र मात्र आणू नये. आणि थांबायचे असेल तर कळवून थांबावे; रुग्णांना वाऱ्यावर सोडून गायब होणे अमानतीत बसत नाही.

तिसरा प्रश्न आपल्या सर्वांना आहे. पत्नीच्या नफक्याची जबाबदारी मुळात पतीवर आहे. त्याची रिक्षा बंद असेल, तर नातेवाईक, मोहल्ला, जकातचा निधी यांनी पुढे आले पाहिजे. आजारी भगिनी केवळ महिन्याच्या रेशनसाठी धोक्याच्या जागी जात असेल आणि शेजारी जकात देणारी घरे असतील, तर हिशेब त्या घरांनाही द्यावा लागेल. २०२० मध्ये आणखी एक गोष्ट घडली. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन कोविडवर चालते, अशी हवा पसरताच लोकांनी त्याचे साठे केले आणि ज्या ल्युपसच्या व आमवाताच्या रुग्णांचे ते रोजचे औषध होते, त्यांना ते मिळेनासे झाले. इस्लामने साठेबाजी का निषिद्ध ठरविली, हे त्या दिवसांत उघड दिसले.

निर्णयानंतर

धोका मोठा आहे, असे डॉक्टरांचे स्पष्ट मत असेल आणि पर्याय असेल, तर थांबणे हेच शरीअतला अधिक जवळचे आहे. हानी टाळणे लाभ मिळविण्यापेक्षा अग्रक्रमाचे, हा फिकहचा प्रसिद्ध नियम आहे. धोका आटोक्यातला असेल, कामात संरक्षण असेल, तर खबरदारी घेऊन जाणे म्हणजे हलाल रोजी आणि रुग्णसेवा, दोन्हींचे पुण्य. दोन्ही बाजू समान वाटत असतील, तर दोन रकात इस्तिखारा पढून एक वाट धरावी.

आणि मग मनाला टोचणी लावून घेऊ नये. माणूस आजारी पडला, तर निरोगीपणी तो जी नेकी करीत असे, तिचे पुण्य त्याच्या नावे लिहिले जात राहते, अशी खुशखबर बुखारीच्या हदीसमध्ये आहे. ज्या भगिनीने वर्षानुवर्षे रुग्णांची सेवा केली आणि आज आजारामुळे ती घरी थांबली, तिच्या सेवेचे पानही, इन्शाअल्लाह, कोरे राहत नाही.

अल्लाह आपल्या आजारी बंधू-भगिनींना शिफा देवो, त्यांच्या रोजीत बरकत देवो आणि त्यांच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला त्यांचा भार उचलण्याची तौफिक देवो. आमीन.