रक्ताच्या एका थेंबातील पहारेकरी

आपला सौंसर-पांढुर्णा हा संत्र्यांचा मुलूख. बगीच्यात काम करताना जंबेरीचा काटा बोटात रुतला, तर दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, सुजते व ठणकते. तेथे रक्तातील पांढऱ्या पेशींची फौज जमलेली असते. या फौजेचे खरे कार्य मेच्निकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने ओळखले. १८८२ साली सिसिली बेटावरील मेसिना येथे त्याने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात काटा खुपसला. सकाळी पाहतो तो काट्याभोवती पेशींचा वेढा पडलेला! पुढे १९०८ साली त्याला एर्लिख याच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

या फौजेतील बिनीचे शिपाई म्हणजे न्यूट्रोफिल पेशी. जंतू व जखमी पेशी काही रसायने सोडतात. जिकडे ते रसायन अधिक दाट, तिकडे न्यूट्रोफिल सरपटत जाते. तिचा वेग मिनिटास सुमारे १५ मायक्रोमीटर, म्हणजे तासाभरात एक मिलिमीटरही नव्हे!

ही चाल मोजावी कशी? १९६२ साली बॉयडेन याने मध्ये सच्छिद्र पडदा असलेली दोन कप्प्यांची डबी योजिली आणि पडद्यात शिरलेल्या पेशी मोजल्या. परंतु पेशी वाटेत कोठे थबकली, कोठे भरकटली, हे त्यात दिसत नसे. शिवाय पुरेसे रक्त घेऊन पेशी वेगळ्या कराव्या लागत.

ही अडचण सूक्ष्म प्रवाहशास्त्राने, म्हणजे मायक्रोफ्लुइडिक्सने, दूर केली. पारदर्शक सिलिकोन रबराच्या लहानशा चकतीत केसाहूनही बारीक नाल्या उमटवितात व ती काचपट्टीवर चिकटवितात. एका टोकास रक्ताचा थेंब, दुसऱ्या टोकास पेशींना आकर्षिणारे रसायन. तांबड्या पेशींना स्वतःची चाल नसल्याने त्या मागेच राहतात. न्यूट्रोफिल मात्र नालीत शिरतात. सूक्ष्मदर्शकाला जोडलेला कॅमेरा ठरावीक अंतराने चित्रे टिपतो, आणि त्यांवरून प्रत्येक पेशीचा वेग व मार्ग काढता येतो. ५० मायक्रोलिटरच्या एका थेंबात निरोगी माणसाच्या लाखाहून अधिक न्यूट्रोफिल असतात. म्हणून थेंबही पुरतो.

याचा उपयोग काय? जंतुसंसर्गाने सर्व शरीर ग्रासते, त्या सेप्सिस विकारात या पेशींची चाल बिघडते. २०१८ साली बॉस्टन येथील डॅनियल इरिमिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी थेंबभर रक्तातील न्यूट्रोफिल चकतीतील चक्रव्यूहात सोडून त्यांचे थबकणे व मागे फिरणे मोजले. त्यावरून सेप्सिसचे ९७ टक्के रुग्ण ओळखता आले आणि तो विकार नसलेल्यांपैकी ९८ टक्के अचूक वगळता आले.

ते रुग्ण प्रौढ होते. पण थेंबाचे मोल अधिक ते तान्ह्या बाळाला. तीन किलोच्या नवजात बालकाच्या अंगात जेमतेम २४० मिलिलिटर, म्हणजे पेलाभर रक्त! गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत आरोग्यदूत स्त्रियांना केवळ लक्षणांवरून बाळाचा सेप्सिस ओळखून उपचार करण्यास शिकविले. नवजात बालकांचे मृत्यू त्यामुळे ६२ टक्क्यांनी घटले, असे १९९९ साली प्रसिद्ध झाले. वेळीच निदान म्हणजे जीवदान, हाच त्याचा धडा.

अशा चकत्या आज मुख्यतः संशोधनात वापरल्या जातात. त्या सोप्या व स्वस्त होऊन गावच्या दवाखान्यात पोहोचल्या, तर नागपूरची वाट धरण्यापूर्वीच निदान होऊ शकेल. मित्रहो, ते काम तुमच्यापैकीच कोणी का करू नये?