पालकाची जुडी आणि हवानाचे वाफे

तुमच्या घरी तांदळाचा डबा महिनाभर फडताळात असतो आणि शेवटच्या मुठीचा भातही पहिल्या मुठीसारखाच होतो. पालकाची जुडी मात्र सकाळी आणली आणि ओट्यावर विसरली, तर संध्याकाळी मान टाकते. दोन्ही वनस्पतींचेच भाग, दोन्ही शेतातूनच आलेले. मग हा फरक का?

पहिले कारण पाणी. साठवणीच्या तांदळात वजनाच्या जेमतेम १२ ते १४ टक्के पाणी असते, तर पालकात ९० टक्क्यांहून अधिक. आता गंमत पाहा. पालकाने आपल्या वजनाच्या अवघे ३ टक्के पाणी गमावले, तरी पान लुळे दिसू लागते आणि गिऱ्हाईक जुडी बाजूला सारते. पाव किलोच्या जुडीत ३ टक्के म्हणजे साडेसात ग्रॅम, म्हणजे चहाचे दीड चमचे पाणी! तेवढ्यावर जुडीची किंमत ठरते. घरी स्वयंपाकाचा काटा असेल तर हे स्वतः करून पाहा. जुडी आणल्याबरोबर तिचे वजन करा आणि दर दोन तासांनी वजन लिहून आलेख काढा. एक जुडी उघडी आणि दुसरी ओल्या फडक्यात ठेवलीत, तर अधिक शिकाल.

हे पाणी जाते कसे? पानाच्या आतील पोकळ्यांतली हवा बाष्पाने जवळजवळ संपृक्त असते, बाहेरची नसते. आतला बाष्पदाब आणि बाहेरचा बाष्पदाब यांत जेवढी तफावत, तेवढ्या वेगाने पाणी बाहेर पडते. २० अंश सेल्सिअसला संपृक्त बाष्पदाब पाऱ्याच्या १७.५ मिलिमीटरइतका असतो, ३० अंशांना ३१.८, तर ३५ अंशांना ४२.२. बाहेरची आर्द्रता ५० टक्के धरली, तर तफावत अनुक्रमे सुमारे ९, १६ आणि २१ मिलिमीटर. म्हणजे तापमान १५ अंशांनी वाढले की पान जवळजवळ अडीचपट वेगाने वाळते. शिवाय पान पातळ असते. वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग बटाट्यापेक्षा कितीतरी मोठा, आणि बटाट्याला वर जाड साल असते ती वेगळीच.

दुसरे कारण अधिक मनोरंजक आहे. खुडलेली भाजी मेलेली नसते. ती श्वसन करीत असते, म्हणजे साठवलेली साखर ऑक्सिजनच्या साहाय्याने जाळून कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि उष्णता बाहेर टाकीत असते. एक किलो पालक २० अंशांना तासाला सुमारे २३० मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतो. शून्य अंशाजवळ हाच आकडा २० च्या आसपास असतो. साखरेच्या ज्वलनात दर मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइडमागे सुमारे १०.६ ज्यूल उष्णता निघते. गुणाकार करा: तासाला सुमारे २४४० ज्यूल. ३६०० ने भागा: ०.६८ वॅट. आकडा क्षुल्लक वाटतो ना? पण एक क्विंटल पालक एकत्र रचला तर होतात ६८ वॅट. ढिगाच्या पोटात साठ वॅटचा दिवा रात्रभर जळत ठेवल्यासारखेच हे झाले. मंडईत कोणी पालेभाजीची गच्च भरलेली गोणी सोडत असेल तर आत हात घालून पाहा, ऊब लागेल. ती ऊब श्वसन वाढवते, वाढलेले श्वसन ऊब वाढवते. या काळात जीवनसत्त्व ‘क’चाही मोठा भाग नाहीसा होतो.

यावर उपाय थंडावा. परंतु थंडाव्याला वीज लागते, वाहतुकीला डिझेल लागते, आणि दोन्हींना पैसा. ज्या वस्तीपासून मंडई लांब आहे आणि जेथे घरोघरी शीतकपाट नाही, तेथे बहुधा संध्याकाळची उतरलेली जुडीच पोचते. भाजी खा, असा उपदेश करणारे हा हिशेब क्वचितच मांडतात.

आता अशी कल्पना करा की एका मोठ्या शहराचे इंधनच आटले. ही कल्पना नाही. क्यूबा या बेटाची राजधानी हवाना येथे हे घडले. सुमारे वीस लाख वस्तीचे हे शहर. क्यूबा सोव्हिएत संघाला साखर विकत असे आणि तेथून खनिज तेल, खते व यंत्रे घेत असे. अमेरिकेने व्यापारबंदी घातलेलीच होती. १९९० पासून सोव्हिएत पुरवठा झपाट्याने घटला आणि डिसेंबर १९९१ मध्ये तो देशच विसर्जित झाला. ट्रॅक्टर थांबले, ट्रक थांबले, वीज तासन्‌तास जाऊ लागली. लोकांनी चीनहून आलेल्या सायकली हाती घेतल्या. माणशी मिळणारे अन्न सुमारे एक तृतीयांशाने घटले आणि माणसे दिसण्याइतकी बारीक झाली. खेड्यात भाजी असली तरी ती शहरात आणायची कशाने?

मग भाजीच शहरात लावली गेली. मोकळ्या आणि पडीक जागा जो कसेल त्याला वापरण्यास देण्यात आल्या. काही ठिकाणी पूर्वी पोषक द्रावणावर, मातीविना भाजी वाढवण्याचे लांब हौद होते. आयात रसायने बंद पडल्यावर त्या हौदांत कंपोस्ट आणि माती भरण्यात आली. या पद्धतीला तेथे ‘ऑर्गानोपोनिको’ म्हणतात. नव्या वाफ्यांना विटा, काँक्रीटचे तुकडे, जुनी कौले, जे मिळेल त्याचे काठ घातले गेले. शहरातली जमीन बहुतेक ठिकाणी डबर आणि खडीने भरलेली असते, म्हणून वाफा जमिनीच्या वर उचललेला. आत गांडूळखत, शेणखत आणि साखर कारखान्यात रस गाळल्यावर उरणारा गाळ. किडीसाठी कडेने मका आणि झेंडू. सकाळी कापणी आणि फाटकाशीच विक्री! पूर्व हवानातील आलामार ही तयार काँक्रीटच्या भिंती जोडून उभारलेल्या इमारतींची वसाहत. तेथे १९९७ मध्ये सुरू झालेली सहकारी बाग पुढे सुमारे ११ हेक्टरांपर्यंत वाढली. लेट्यूस कापल्यापासून पिशवीत पडेपर्यंतचा काळ मिनिटांत मोजावा एवढाच. आपल्या वरच्या गणितात वेळ जवळजवळ शून्य घाला, म्हणजे बर्फाची गरज का उरली नाही ते कळेल.

मात्र हवानाने आपले सगळे अन्न गल्लीत पिकवले, असे कोठे वाचलेत तर विश्वास ठेवू नका. तांदूळ आणि गहू जहाजानेच येत राहिले. २०२० नंतर क्यूबात पुन्हा इंधनाची व अन्नाची तीव्र टंचाई आली आणि वाफ्यांना ती भरून काढता आली नाही. कोरडे धान्य महिनोन्‌महिने प्रवास करू शकते आणि त्याला जागा फार लागते. त्याचे स्थान शेतातच. पालेभाजीला प्रवास सोसत नाही, पण ती चार-सहा आठवड्यांत तयार होते आणि हातभर जागेत भागते. काय दूरवरून आणावे आणि काय दाराशी लावावे, याची वाटणी पुष्कळशी पाण्याचे प्रमाणच करून देते.

आपल्याकडे मोकळा भूखंड दुर्मीळ, म्हणून डोळे गच्चीकडे वळतात. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर २००२ पासून तेथल्याच ओल्या कचऱ्याच्या खतावर बाग वाढवली गेली. तुमच्या सोसायटीत असे करायचे असेल, तर आधी वजनाचा हिशेब करा. ओली माती घनमीटरला सुमारे १७०० किलो भरते. तिचा २० सेंटिमीटरचा थर म्हणजे चौरस मीटरला ३४० किलो. भारतीय मानकाप्रमाणे ये-जा असलेल्या सपाट गच्चीवर जो वापराचा भार धरतात, तो चौरस मीटरला साधारण १५० किलोच आहे! म्हणून माती नको. वाळलेला पाला, उसाचे चिपाड आणि कंपोस्ट यांचे मिश्रण घ्या. ते पूर्ण भिजवून लिटरच्या मापात भरा आणि तोला. समजा, ७०० ग्रॅम भरले, तर १५ सेंटिमीटर थराचे चौरस मीटरला १०५ किलो होतील. त्यात कुंड्यांचे आणि पाणी घालणाऱ्याचे वजन मिळवा. इमारत जुनी असेल तर अभियंत्याला दाखविल्यावाचून एकही वाफा मांडू नका.

दुसरा हिशेब सावलीचा. भाजीला दिवसाचे पाच-सहा तास ऊन हवे. मुंबईचे अक्षांश १९. २१ डिसेंबरला भर माध्यान्ही सूर्य दक्षिण क्षितिजापासून सुमारे ४७.५ अंशच वर असतो. त्या वेळी दक्षिणेला असलेली, गच्चीपेक्षा १० मीटर उंच इमारत ९ मीटरांहून लांब सावली टाकते. जूनमध्ये तीच सावली गच्चीवर पडतही नाही, आणि नेमके तेव्हाच लोक जागा ठरवतात. गच्चीवर डिसेंबरातल्या एका दिवशी दर तासाला सावलीची कड खडूने आखा आणि मग वाफ्यांची जागा ठरवा.