मनाचे आरोग्य : दैव, युक्ती आणि सत्त्व

तीर्थक्षेत्री येणारा प्रत्येक भाविक केवळ दर्शनाच्या ओढीने येतो असे नाही. कित्येक कुटुंबे घरातील आजारी माणसाला घेऊन येतात, आणि आजार मनाचा असेल तर शेजारीपाजारी कळू नये म्हणून यात्रेचे निमित्त पुढे केले जाते. महिनोन्महिने झोप हरवलेली सून, कामधंदा सोडून भिंतीकडे पाहत बसलेला तरुण मुलगा, कानात आवाज येतात म्हणून भेदरलेले वडील. अशांना श्रींच्या पायांवर घालून नातलग मोठ्या आशेने उभे असतात. त्या आशेचा अनादर कोणी करू नये. मात्र तिच्या भरात पुष्कळदा एक घातक गोष्ट घडते. ‘आता देवाच्या पायाशी आणले आहे, गोळ्या कशाला?’ असे म्हणून चालू असलेले औषध बंद केले जाते. प्रस्तुत लेख मुख्यतः त्यासाठी आहे.

दैवी उपाय आणि औषध यांत वैर आहे, असे आपल्या परंपरेने कधीच मानले नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात उपचारांचे तीन प्रकार एकाच ठिकाणी सांगितले आहेत. मंत्र, होम, उपवास, नमस्कार, तीर्थाटन हे ‘दैवव्यपाश्रय’. विचारपूर्वक योजलेला आहार व औषध हे ‘युक्तिव्यपाश्रय’. आणि अहितकर विषयांपासून मनाला आवरणे हा ‘सत्त्वावजय’. आजचे समुपदेशन या तिसऱ्या प्रकाराच्या बरेच जवळ जाते. म्हणजे यात्रा हा उपचाराचा एक भाग झाला, तिन्ही भागांची जागा तिने घ्यावी असे चरकाचार्य कोठेही म्हणत नाहीत. इतकेच नव्हे, तर निदानस्थानात उन्मादाचा विचार करताना, देव, गंधर्व, पिशाच वा राक्षस आपण होऊन कोणाला पीडा देत नाहीत, असे ते स्पष्ट सांगतात. ‘बाहेरची बाधा’ म्हणून रुग्णाला मांत्रिकाकडे ओढणाऱ्यांनी हे वचन अवश्य ध्यानी घ्यावे.

औषध सोडल्यावर नेमके काय होते, हेही समजून घेणे आवश्यक आहे. काही मनोविकारांच्या औषधांनी सुस्ती येते, जिभेला कोरड पडते. ती थांबविली की पहिले काही दिवस रुग्णास हलके वाटते, चेहरा टवटवीत दिसतो. घरच्यांना वाटते, नवस फळला. त्यानंतर काही आठवड्यांनी वा महिन्यांनी आजार उलटतो, आणि तेव्हा दोष जातो नवस फेडण्यातील उणिवेकडे, कुलाचारात राहून गेलेल्या एखाद्या विधीकडे. गोळ्यांची आठवण कोणालाच होत नाही. औषध कमी करावयाचे असल्यास ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू कमी करावे लागते. ते यात्रेच्या मुहूर्तावर सोडावयाचे नसते.

व्रतवैकल्यांच्या बाबतीतही थोडे तारतम्य हवे. कधी अतिउत्साह तर कधी खोल उदासी असा आजार असणाऱ्या अनेकांना लिथियम नावाचे औषध दिले जाते. निर्जळी वा अळणी उपवासाने, तसेच उन्हात घाम येऊन शरीरातील पाणी व मीठ घटले, की या औषधाचे रक्तातील प्रमाण धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. हात अधिक थरथरणे, उलट्या-जुलाब, चालताना तोल जाणे, बोलणे अडखळणे अशी लक्षणे दिसताच विलंब न लावता रुग्णालय गाठावे. याच आजारात रात्रीचे जागरण अतिउत्साहाचा झटका आणू शकते. म्हणून अशा भाविकाने रात्रभर भजनात बसण्यापेक्षा वेळेवर झोपून सकाळी दर्शन घ्यावे. पायी वारी करणाऱ्यांनी पुरेशा गोळ्या व डॉक्टरांची चिठ्ठी सोबत बाळगावी. देव काही उपवासाच्या घटका मोजत बसलेला नाही!

यात्रेने मनाला लाभ होतो, हे मात्र खरेच. ठरलेल्या वेळी उठणे, चालणे, चार जणांत मिसळून टाळ्या वाजविणे, पंगतीत बसून जेवणे. उदास माणसाने टाकून दिलेल्या याच गोष्टी येथे सहज घडतात. घरी परतल्यावरही त्या चालू राहाव्यात. शिवाय मन खचणे म्हणजे भक्ती कमी पडणे, असा समज करून घेण्याचे कारण नाही. रणभूमीवर अर्जुनासारख्या वीराचे हातपाय गळाले, तोंडाला कोरड पडली, गांडीव हातातून सुटले. आणि भगवंतांनी त्याचे म्हणणे आधी ऐकून घेतले.

रुग्णाला बांधून ठेवण्याची प्रथा मात्र कोणत्याही श्रद्धेत बसत नाही. तमिळनाडूतील एरवाडी या क्षेत्री ६ ऑगस्ट २००१ रोजी मनोरुग्णांच्या एका खाजगी निवासास आग लागली आणि साखळदंडांत जखडलेले २८ जीव होरपळून गेले. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार मनोरुग्णास कोणत्याही प्रकारे साखळीने जखडण्यास मनाई आहे. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा गुन्हा ठरतो. प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, भजन यांना त्याच कायद्याने वगळले आहे, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते.

उपचारासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू असून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य, मराठीतही बोलता येते. आपल्या सोबतचा माणूस जगणे नकोसे झाल्याचे बोलू लागला, तर ते ‘उगाच बोलतो’ म्हणून सोडून देऊ नये. त्यास एकटे ठेवू नये, नदीकाठी वा गर्दीत मागे राहू देऊ नये, आणि दर्शनाची रांग सोडावी लागली तरी आधी त्याच्याजवळ बसावे.