पर्ड्यूहून इंडीला: एका दिवसाच्या फेरीचा हिशेब

मुलांच्या पदवीदानासाठी पर्ड्यू विद्यापीठात जाणारे मराठी आईवडील शिकागोला उतरतात, वेस्ट लाफायेतला समारंभ बघतात आणि मग ‘आता जवळपास काय बघायचं?’ असा प्रश्न पडतो. घरात कुणाला गाड्यांचं वेड असेल तर उत्तर सोपं आहे. आय-65 महामार्गाने साधारण 65 मैलांवर इंडियानापोलिस मोटर स्पीडवे आहे आणि त्या ट्रॅकच्या पोटातच त्याचं संग्रहालय. नूतनीकरणानंतर ते एप्रिल 2025मध्ये पुन्हा उघडलं.

तिघांचा हिशेब मांडू, डॉलर 90 रुपये धरून. संग्रहालयाचं मोठ्यांचं तिकीट 25 डॉलरच्या आसपास, म्हणजे तिघांचे 75. गाडी भाड्याची असेल तर करासकट दिवसाला 70-80. येऊनजाऊन आणि थोडं इकडेतिकडे धरून 150 मैल झाले, तर गॅलनला 30 मैल देणाऱ्या गाडीला पाच गॅलन पेट्रोल लागेल. सव्वातीन डॉलरच्या भावाने 16-17 डॉलर. जेवणाचे 60 ठेवा, कारण मेन्यूवरच्या आकड्यात कर नसतो आणि वर पंधरा ते वीस टक्के टिप द्यावी लागते. सगळं मिळून सव्वादोनशे डॉलर, म्हणजे वीस हजार रुपये. भारतीय क्रेडिट कार्ड घासणार असाल तर परकीय चलनाचे दोनतीन टक्के आणखी.

गाडी मुलगा किंवा मुलगी चालवणार असेल आणि वय 25च्या आत असेल, तर बहुतेक भाडेकंपन्या रोजचे 25-30 डॉलर जास्त लावतात. वडिलांनी चालवायची तर निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्यावा. फी हजार रुपये, मुदत एक वर्ष. विम्याचं मात्र काउंटरवर गडबडीत ठरवू नका. तिथे जो आकडा सांगतात त्यात दिवसाचं भाडं दुप्पट होऊ शकतं, म्हणून आरक्षण करतानाच विमा धरलेला दर मिळतो का ते बघा.

शिकागोहून थेट येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: वाटेत घड्याळ एक तास पुढे जातं. सकाळी नऊला निघालात तर पोचेपर्यंत दुपारचा एक वाजून गेलेला असतो. नकाशात टोल टाळायचा पर्याय निवडा. वाटेतल्या शिकागो स्कायवेचा टोल तसा मोठा नाही, पण भाडेकंपनी त्यावर आपलं शुल्क जोडते.

आता मुख्य गोष्ट, मे महिना. पदवीदान मेच्या मध्यावर आणि याच ट्रॅकवरची इंडी 500 शर्यत महिन्याच्या शेवटच्या रविवारच्या आसपास. त्या आठवड्यांत ट्रॅकवर सराव असेल त्या दिवशी आवारात शिरायलाच वेगळं तिकीट लागतं आणि ट्रॅकवरची बसफेरी बंद असते. ती फेरी हवी असेल तर ट्रॅक मोकळा असलेला दिवस आधी बघून ठेवा. तिचे पैसे निराळे. नुसत्या संग्रहालयाच्या तिकिटावर ट्रॅकवर पाय ठेवता येत नाही. फेरीत प्रसिद्ध विटांच्या पट्ट्यापाशी उतरवतात. 1909मध्ये अख्ख्या अडीच मैलांच्या ट्रॅकवर 32 लाख विटा बसवल्या होत्या, आता अंतिम रेषेवर फक्त तीन फूट रुंदीचा पट्टा उरलाय. गुडघे टेकून त्याची पप्पी घ्यायची प्रथा 1996मधली आहे, म्हणजे वाटते तितकी जुनी नाही.

माझं मत विचाराल तर बसफेरी सोडून सरावाचं तिकीट घ्या. शर्यतीच्या मानाने ते किरकोळ असतं आणि ताशी साडेतीनशे किलोमीटरने जाणारी गाडी समोरून बघायला मिळते. कानात घालायचे बोळे आधीच विकत घेऊन ठेवा.

संग्रहालयात वेळ द्यावा तो ‘मार्मन वॉस्प’ला. पिवळीकाळी, मागे टोकदार शेपूट असलेली ही गाडी घेऊन रे हॅरून याने 1911ची पहिली 500 मैलांची शर्यत ताशी सुमारे 75 मैलांच्या सरासरीने जिंकली. बाकीच्या गाड्यांत शेजारी मेकॅनिक बसायचा, मागून कोण येतंय ते सांगायला. हॅरून एकटाच होता. इतरांनी तक्रार केली, तेव्हा त्याने पुढे चार दांड्यांवर आरसा बसवला. तो आरसा नीट बघा. इथेच या शर्यतीचा बोर्ग-वॉर्नर करंडकही आहे. त्यावर प्रत्येक विजेत्याचा चेहरा चांदीत कोरलेला आहे. तिथे मुलं आपोआप रेंगाळतात. पूर्ण बघायला दोनतीन तास पुरतात.

राहायचं असेल तर शर्यतीच्या आठवड्यात इंडियानापोलिसच्या आणि पदवीदानाच्या आठवड्यात लाफायेतच्या हॉटेलांचे दर आभाळाला भिडतात. दोन्हींच्या मधल्या लेबनॉन गावात, महामार्गालगतच्या मोटेलांत आधी चौकशी करा. आणि गाडी परत देताना टाकी स्वतः भरून द्या. कंपनीने भरली तर पंपापेक्षा बराच चढा भाव लावते.