रुमालाचा धडा

गोल्फचा चेंडू फार तर ४५.९३ ग्रॅम वजनाचा असतो आणि जागेवर स्वस्थ पडून असतो. तरी नवशिका सारे बळ एकवटून त्यावर क्लब हाणतो, आणि स्विंग बिघडतो तो येथेच.

इंग्लंडचे गोल्फपटू अर्नेस्ट जोन्स यांचा उजवा पाय पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, गुडघ्याखाली कापावा लागला. त्यानंतर काही महिन्यांतच एका पायावर उभे राहून त्यांनी अठरा होल ८३ फटक्यांत पुरे केले! पुढे शिकवताना ते रुमालाच्या टोकाला खिशातला चाकू बांधून झुलवीत. (आपण किल्ल्यांचा जुडगा बांधावा हे बरे.) हात सावकाश, एका लयीत हलला तर रुमाल ताणलेला राहतो, हिसका बसला की तो मध्येच सैल पडतो. चूक तत्काळ डोळ्यांना दिसते.

हे साधल्यावर क्लब घ्यावा. दोन्ही पाय जुळवून, चेंडू न ठेवता, क्लब कमरेइतकाच मागेपुढे झुलवावा. तोल गेला तर जोर अधिक झाला असे समजावे. क्लबने दर खेपेस एकाच जागचे गवत घासले जाऊ लागले, की मग चेंडू ठेवावा.