स्विंगचा झोका

पेटी किंवा व्हायोलिन स्वरलिपि वाचून वाजविणाऱ्या विद्यार्थ्यास 'स्विंग' हा अमेरिकन लयप्रकार हमखास फसवितो. कागदावर मात्रेचे दोन भाग समान लिहिलेले असतात. वाजवितांना मात्र पहिला लांबतो व दुसरा आंखूड होऊन पुढील मात्रेस भिडतो. लिहिल्याबरहुकूम वाजविलें, तर चूक एकहि नाहीं, पण झोकाहि नाहीं!

तो असा साधावा. पायानें सावकाश मात्रा मोजावी व प्रत्येक मात्रेंत 'त-कि-ट' हीं तीन अक्षरें सारख्या अंतरानें म्हणावीं. मग 'कि' न उच्चारतां 'त' तेवढा लांबवावा: 'तऽट, तऽट'. टाळी चार मात्रांपैकीं दुसऱ्या व चवथ्या मात्रेवर द्यावी. समेवर टाळी देण्याची संवय असलेल्या आपल्या हातांस हेंच प्रथम जड जातें. लय द्रुत झाली कीं दोन्ही भाग पुन्हां समानतेकडे झुकतात, म्हणून दोनास एक हें प्रमाण ब्रह्मवाक्य मानूं नये, कानानेंच ठरवावें. इस्लापूरकडील मुलांस हें अगदींच परकें नाहीं. केरवा लाडिकपणें वाजविणारा तबलजी भजनांत असाच डौल आणतो.

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत 1935 पासून लिऑन ॲबी, टेडी वेदरफर्ड हे अमेरिकन वादक येऊन गेले. त्याच शहरांतील गोमंतकीय ट्रंपेटवादक चिक चॉकलेट यांनीं पुढें पुणतांब्यास 1918 सालीं जन्मलेल्या सी. रामचंद्र यांच्या संगीतास साथ दिली. 1951 च्या 'अलबेला' चित्रपटांत ते वादकांसह पडद्यावरहि दिसतात. अशीं ध्वनिमुद्रणें ऐकतांना पायानें मात्रा धरून 'तऽट' म्हणत राहावें. कोठें जुळतें व कोठें नाहीं, हें हळूहळू कळूं लागतें.